वाचकांचे प्रश्न: आयटीचं चौथं वर्ष आणि संशोधन

प्रश्न (राजापूर): मी बी.एस्सी. आयटीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. तीन वर्षांनी पदवी घेऊन बाहेर पडावं की चौथं वर्ष करावं? 'ऑनर्स' आणि 'ऑनर्स विथ रिसर्च' यांत फरक काय?

उत्तर: संशोधनाच्या वाटेला पहिल्या सहा सेमिस्टरमध्ये मिळून 75 टक्के लागतात. म्हणजे दुसऱ्या वर्षाचे गुणही त्यात धरले जातात. तिसऱ्या वर्षी जोर लावू म्हणून आता सैल सोडू नका. चौथ्या वर्षात 12 क्रेडिटचा संशोधन प्रकल्प असतो, साध्या ऑनर्समध्ये त्याऐवजी तेवढ्याच क्रेडिटचे विषय. चार वर्षं केलीत तर एम.एस्सी. एका वर्षात होते. चार वर्षांच्या पदवीला 75 टक्के असतील तर नेट (प्राध्यापकपदासाठीची पात्रता परीक्षा) देता येते, पीएच.डी.लाही अर्ज करता येतो. राखीव प्रवर्गांना पीएच.डी.साठी 5 टक्क्यांची सवलत आहे.

आधी कॉलेजात एक गोष्ट विचारा: विभागात पीएच.डी. मार्गदर्शक म्हणून मान्यता असलेले किमान दोन कायमस्वरूपी प्राध्यापक आहेत का? विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) आराखड्यात ती अट आहे. किनारपट्टीवरच्या छोट्या कॉलेजांत आयटीला बरेचदा तासिका तत्त्वावरचे शिक्षक असतात. तसं असेल तर चौथ्या वर्षासाठी रत्नागिरी किंवा मुंबईची तयारी ठेवावी लागेल, आणि तिथल्या राहण्याखाण्याचा खर्च घरात आताच बोलून घ्या. लगेच नोकरी हवी असेल तर तीन वर्षांची पदवी घेण्यात काहीच कमीपणा नाही.

प्रश्न (देवगड): तिसऱ्या वर्षाच्या प्रोजेक्टसाठी हापूसच्या मोहोरावरची भुरी (पांढऱ्या बुरशीचा रोग) फोटोवरून ओळखणारं मॉडेल केलं. आमच्या बागेतले 1200 फोटो, त्यांतले 1080 निरोगी. अचूकता 96 टक्के. शेजारच्या बागेत मात्र ते साफ फसतं. चौथ्या वर्षी हाच विषय न्यायचा आहे. मोठं मॉडेल घ्यावं का?

उत्तर: नको. आधी डेटा कसा वाटलात ते बघा. एका कलमाचे दहा-पंधरा फोटो काढून सगळा ढीग 80 टक्के शिकवायला (ट्रेनिंग) आणि 20 टक्के तपासायला (टेस्ट) असा सरमिसळ वाटला असेल, तर त्याच कलमाचे काही फोटो ट्रेनिंगला गेले आणि काही टेस्टला. मॉडेल भुरी ओळखायला शिकलंच नाही. मागचा जांभ्याचा गडगा, फांदीचं वळण, त्या वेळचं ऊन एवढंच त्याच्या ओळखीचं झालं. बाग बदलली की ती ओळख संपली.

प्रत्येक फोटोच्या नावात बाग आणि कलमाचा क्रमांक घाला आणि वाटणी कलमानुसार करा. पायथनच्या 'सायकिट-लर्न' या लायब्ररीतलं 'ग्रुपकेफोल्ड' नेमकं हेच करतं. एक अख्खी बाग फक्त टेस्टसाठी बाजूला ठेवा. फोटो फिरवून, कापून संख्या वाढवायची असेल तर ती वाटणीनंतर, आणि फक्त ट्रेनिंगच्या फोटोंची. आधी वाढवलीत तर तीच चूक दुसऱ्या दाराने आत येते.

आता 96 टक्के. डोळे मिटून सगळ्यांना 'निरोगी' म्हटलं तरी तुमच्या डेटावर 90 टक्के येतात. म्हणून भुरीचा रिकॉल वेगळा मांडा: भुरीच्या 120 फोटोंपैकी ज्यांची टेस्ट झाली, त्यांतले किती सापडले? बागायतदाराला हवा असतो तो हाच आकडा, कारण सुटलेला मोहोर फवारणीविना राहतो.

लेबलं एकट्याने लावू नका. 200 फोटो दोन जाणकारांना वेगवेगळे द्या आणि कोहेनचा कप्पा (दोघांची मतं किती जुळतात याचं माप) काढा. तो 0.6 च्या खाली आला तर 'सुरुवातीची भुरी' कशाला म्हणायचं हेच ठरलेलं नाही. दापोलीच्या कृषी विद्यापीठातल्या किंवा वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्रातल्या तज्ज्ञांना विचारण्यासारखी हीच बाब आहे.

सर्वांत मोठा धोका मात्र हंगामाचा. सातवं सेमिस्टर पावसात सुरू होतं, मोहोर साधारण डिसेंबरपासून येतो. तोवर विषयाला मंजुरी, बागायतदारांची लेखी परवानगी आणि फोटो काढण्याची ठरलेली पद्धत (अंतर, वेळ, एका कलमाचे किती) हातात हवी. मोहोर गळून कणी धरली की त्या वर्षी दुसरी संधी नाही, आणि आठवं सेमिस्टर कोणासाठी थांबत नाही. आधीच्या हंगामात 50-60 फोटोंची रंगीत तालीम जरूर करा.

प्रश्न (मालवण): मलाही असंच फोटो ओळखणारं मॉडेल करायचं आहे, पण लॅपटॉपला जीपीयू (मॉडेल वेगाने शिकवणारी चिप) नाही, पावसात वीज जाते, आणि कोलॅब (गूगलची ऑनलाइन संगणक सेवा) मध्येच तुटतं. काय करावं?

उत्तर: फोटो आधीच 224 पिक्सेलला लहान करून घ्या. 4 एमबीचे 1200 फोटो म्हणजे जवळपास 5 जीबी. लहान केल्यावर काही डझन एमबीत बसतात. 'मोबाइलनेट'सारखं आधी शिकवलेलं मॉडेल घेऊन शेवटचे थर तेवढे शिकवा. फुकटचं कोलॅब जास्तीत जास्त 12 तास चालतं, बरेचदा त्याआधीच तुटतं, आणि त्याच्या स्वतःच्या डिस्कवरचं सगळं पुसलं जातं. म्हणून प्रत्येक इपॉकनंतर (सगळ्या फोटोंवरून एक फेरी) चेकपॉइंट, म्हणजे तोवरच्या कामाची प्रत, गूगल ड्राइव्हवर लिहा. त्यात नुसती वेट्स (मॉडेलचे शिकलेले आकडे) नकोत. ऑप्टिमायझरची (ते आकडे सुधारत नेणारा भाग) स्थिती आणि इपॉकचा क्रमांकही हवा, नाहीतर पुन्हा सुरू केल्यावर लर्निंगचा ताल बिघडतो. दोन इपॉकनंतर मुद्दाम थांबवून तिथूनच पुढे चालतंय का ते एकदा तपासा, मगच रात्रभराचं रन लावा.