कोड लिहायला एडिटर कुठला घेऊ?

व्हीएस कोड टाक आणि कामाला लाग. फुकट आहे, विंडोज-लिनक्स दोन्हींवर चालतो. लॅपटॉप ४ जीबी रॅमचा असेल तर मात्र तो धापा टाकेल. मग विंडोजवर नोटपॅड प्लस प्लस बरा.

पहिल्याच दिवशी वीस एक्स्टेन्शन्स (एडिटरला जोडायच्या जादा सोयी) लावू नकोस. पायथॉन शिकतोयस ना, मग पायथॉनचं एक पुरे. (थीम निवडण्यात माझे दोन रविवार गेले, प्रोग्राम एकही झाला नाही.)

एक सेटिंग आजच कर: व्हीएस कोडच्या सेटिंग्जमध्ये ‘रेंडर व्हाइटस्पेस’ शोध आणि ‘ऑल’वर ठेव. टॅब आणि स्पेस नुसत्या डोळ्यांना सारखेच दिसतात, पण इंडेंटमध्ये, म्हणजे ओळीच्या सुरुवातीच्या मोकळ्या जागेत, त्यांची सरमिसळ झाली की पायथॉन ३ ‘टॅबएरर’ देऊन अडून बसतो. आता स्पेसच्या जागी बारीक ठिपका दिसेल, टॅबच्या जागी बाण.

विम हा टर्मिनलमध्ये चालणारा एडिटर १९९१ पासूनचा, त्याचे भक्त तुला ओढायला बघतील. घाई नको. फक्त बाहेर पडायला शिकून ठेव, कारण सर्व्हरवर किंवा गिट कमिट करताना (कोडमधले बदल गिटमध्ये नोंदवताना) तो अवचित समोर येतो. एस्केप, मग कोलन, क्यू, उद्गारचिन्ह, एंटर. बदल ठेवायचे असतील तर कोलननंतर डब्ल्यू-क्यू. हे माहीत नव्हतं तेव्हा मी सरळ टर्मिनलच बंद करून टाकायचो.