अर्धं अंग सोन्याचं असलेलं मुंगूस

तुम्ही विचारलंय, लहानपणी ऐकलेली आणि मोठेपणी वेगळीच कळलेली पुराणातली गोष्ट कोणती? माझ्यापुरतं उत्तर एकच आहे: युधिष्ठिराच्या यज्ञात आलेलं मुंगूस.

आजीने सांगितलेली गोष्ट थोडक्यात अशी. युद्ध संपलं, अश्वमेध झाला, दानाचा पाऊस पडला, सगळे वाहवा करत होते. तेवढ्यात बिळातून एक मुंगूस आलं. डोळे निळे, एक बाजू सोन्याची. ते माणसासारखं बोललं, "कुरुक्षेत्रातल्या त्या ब्राह्मणाच्या शेरभर सातूची सर तुमच्या या यज्ञाला नाही." हे ऐकलं त्या दुपारी मी सातूचं पीठ गूळ घालून खात होतो. ताटलीबाहेर सांडलेलं पीठ मी गुपचूप कोपराला चोळून बघितलं. कोपर पांढरं झालं, एवढंच.

मुंगसाने सांगितलेली हकिगत महाभारतात आश्वमेधिकपर्वाच्या, म्हणजे 14व्या पर्वाच्या, शेवटाकडे येते. शेतात पडलेला सरवा वेचून जगणारं कुटुंब: ब्राह्मण, बायको, मुलगा, सून. दुष्काळ पडलेला. एकदा रणरणत्या उन्हात हिंडून त्यांना थोडे जव मिळाले, त्याचं सातू केलं. मूळ शब्द 'प्रस्थ', त्याचे चार 'कुडव'. आजी शेराची चार चिपटी करून सांगायची. माप तंतोतंत तेच नसेल, पण वाटणी बरोबर: माणशी एक. घास उचलणार तोच दारात पाहुणा. ब्राह्मणाने आपला वाटा दिला. पाहुण्याचं पोट भरलं नाही. मग बायकोचा, मग मुलाचा, शेवटी सुनेचा.

आजी इथे भरभर पुढे जायची. मोठेपणी मूळ वाचलं तेव्हा कळलं की गोष्टीचा जीव या थांबण्यातच आहे. बायको वाटा पुढे करते तेव्हा नवरा लगेच घेत नाही. तो म्हणतो, किडे-पाखरं, जनावरंसुद्धा आपल्या मादीला जपतात, पोसतात. मी तुझा घास कसा काढून घेऊ? सुनेच्या वेळी तर त्याला बघवतच नाही. वाऱ्या-उन्हाने तिचं अंग सुकलंय, रंग उडालाय, भुकेने जीव कासावीस झालाय. तिलाच समजूत घालावी लागते: तुम्ही माझ्या गुरूचे गुरू, देवाचे देव. मग तो घेतो. आता मला पाहुण्यापेक्षा हा सासराच जास्त दिसतो. स्वतःचं देताना तो क्षणभरही अडला नव्हता. दुसऱ्याचं, तेही घरातल्या सर्वांत धाकट्या माणसाचं, उचलून द्यायची वेळ आली तेव्हा हात थबकला.

पाहुणा म्हणजे साक्षात धर्म होता. चौघं स्वर्गाला गेली. मागे सांडलेल्या कणांत मुंगूस लोळलं आणि त्याचं डोकं व अर्धं अंग सोन्याचं झालं. उरलेली बाजू सोन्याची व्हावी म्हणून ते यज्ञायज्ञांतून हिंडत राहिलं.

विशी-पंचविशीत ही गोष्ट म्हणजे माझं हत्यार होतं. एखाद्या भंडाऱ्यात देणगीदारांच्या नावांचा हातभर फलक दिसला की मी मुंगूस काढायचो. युधिष्ठिराच्या यज्ञातलं धनही हिमालयातून आणलेलं होतं, मरुत्त राजाच्या यज्ञातून मागे राहिलेलं, कारण युद्धाने तिजोरी रिकामी झाली होती. हेही मी वर जोडून द्यायचो. एका काकांनी शांतपणे विचारलं, "पुढचं वाचलंयस का?" नव्हतं वाचलं.

पुढे जनमेजय, म्हणजे ही सगळी कथा ऐकणारा पांडवांचा वंशज राजा, विचारतो, हे मुंगूस होतं तरी कोण? कथा सांगणारे वैशंपायन ऋषी सांगतात: जमदग्नी ऋषींनी श्राद्धासाठी स्वतः गाय दोहून दूध नव्या, स्वच्छ भांड्यात ठेवलं होतं. त्यांना राग येतो का हे बघायला साक्षात क्रोधच रूप घेऊन त्या दुधात शिरला. जमदग्नी रागावले नाहीत. म्हणाले, दूध पितरांसाठी होतं, त्यांच्याशी काय ते बघ. पितरांनी शाप देऊन त्याचं मुंगूस केलं, आणि उःशाप काय दिला? धर्माची निंदा केलीस की सुटशील.

म्हणजे ज्याला मी निःस्पृह टीकाकार समजून मिरवत होतो, तो मुळात क्रोध. यज्ञाला नावं ठेवण्यात त्याची स्वतःची सुटका अडकलेली. काकांपुढे माझं तोंड एवढंसं झालं. तरीही वैशंपायन मुंगसाला खोटं पाडत नाहीत, हे विशेष. त्याआधीच ते जनमेजयाला सांगून बसलेत की यज्ञाचं एवढं कौतुक नको, कितीतरी ऋषी नुसत्या तपाने स्वर्गाला गेले. बोलणाऱ्याचा स्वार्थ उघडा केला आणि बोलणं तसंच उभं ठेवलं. दोन्ही.

आणखी एक गंमत बघा. सातू खाऊन गेला तो धर्म, आणि ज्याच्या यज्ञाला नावं ठेवून क्रोध सुटला तो युधिष्ठिर, धर्माचा मुलगा, तोही धर्मच. एकाच्या उष्ट्याने मुंगूस अर्धं सोन्याचं झालं, दुसऱ्याच्या निंदेने शापातून सुटलं. दुसरी बाजू शेवटी सोन्याची झाली का, हे मी आजीला विचारलं होतं. ती म्हणाली, "ताटली उचल आधी, मुंग्या लागतील."