समुद्रात सांडलेलं तेल जनुकीय बदल केलेल्या जिवाणूंनी साफ करता येतं का?

प्रयोगशाळेत येतं, पण खुल्या समुद्रात ही पद्धत अजून रुळलेली नाही. भारतीय-अमेरिकी शास्त्रज्ञ आनंद चक्रवर्ती यांनी १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला स्यूडोमोनास नावाच्या जिवाणूत वेगवेगळे हायड्रोकार्बन (तेलातली कार्बन-हायड्रोजनची संयुगं) पचवायला लावणारी प्लाझ्मिडं, म्हणजे डीएनएची छोटी वर्तुळं, एकत्र आणली. १९८० साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ मतांनी तो जिवाणू पेटंटयोग्य ठरवला. एवढं गाजूनही तो तेलगळतीवर कधी सोडला गेला नाही. परवानगीचा प्रश्न आहेच, पण खरी अडचण वेगळी आहे. तेल खाणारे जिवाणू समुद्रात मुळातच असतात. त्यांतला अल्कॅनिव्होरॅक्स हा जिवाणू एरवी नगण्य असतो, तेल आलं की झपाट्याने वाढतो. कमी पडतात ते नायट्रोजन आणि फॉस्फरस, कारण तेलात कार्बन भरपूर असला तरी ही दोन्ही फारच थोडी. म्हणूनच १९८९च्या एक्सॉन वाल्डेझ या तेलवाहू जहाजाच्या अपघातानंतर अलास्काच्या किनाऱ्यावरच्या तेलकट दगडगोट्यांवर ही दोन्ही पुरवणारं खत फवारलं गेलं आणि तिथल्याच जिवाणूंचं काम वेगावलं. मात्र खतही सगळीकडे चालत नाही: डांबरासारखे जड घटक आणि वाळूखाली हवा न पोचणाऱ्या थरातलं तेल वर्षानुवर्षं तसंच राहतं.