लंडनच्या जुन्या जॉर्जियन (म्हणजे जॉर्ज नावाच्या राजांच्या काळातल्या, मुख्यतः अठराव्या शतकातल्या) घरांत वर जावं तशा खिडक्या लहान का होतात?

कारण खिडकीची उंची त्या मजल्याच्या मानावर ठरायची. बेडफर्ड स्क्वेअरची घरं (१७७५–८३) समोर उभं राहून पाहा: पहिल्या मजल्यावर पाहुण्यांचा दिवाणखाना, म्हणून तिथल्या खिडक्या सगळ्यांत उंच, त्यावर झोपायच्या खोल्या, खिडक्या आखूड, माळ्यावर नोकरचाकर, त्यांच्या वाट्याला जेमतेम झरोके. स्वयंपाकघर तळघरात, म्हणजे ताटं जिन्यानं वर न्यायची, ती नोकरांनीच! मूळ कल्पना इटालियन वास्तुकार पल्लादिओच्या वळणाची. बाहेरून दर्शनी भिंतही प्रमाणबद्ध दिसते. मात्र पहिल्या मजल्याची प्रत्येक लांबलचक खिडकी मूळचीच असेल असं धरू नका. बऱ्याच घरांत पुढे एकोणिसाव्या शतकात खिडकीची खालची कड आणखी खाली नेऊन खिडक्या वाढवल्या आहेत.