नवऱ्याची सही आहे म्हणून डॉक्टर सुटतो का?

प्रश्न : माझ्या धाकट्या बहिणीला तिच्या नवऱ्यानं आणि दिरानं गाडीत घालून नेलं आणि एका खासगी मानसोपचार हॉस्पिटलात अ‍ॅडमिट केलं. ती नको नको म्हणत होती. बारा दिवसांनी सोडलं. घरात वाटणीचा वाद चाललाय. डॉक्टरवर केस करता येईल का? – एक वाचक भगिनी, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : येईल की ताई, पण निदान चुकलं एवढ्यावर कोर्ट डॉक्टरला धरत नाही, त्यानं पायऱ्या पाळल्या का हे बघतं. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याचं कलम 89 वाचा. पेशंटच्या मनाविरुद्ध ठेवायचं तर तिच्या प्रतिनिधीचा (म्हणजे कायद्यानं तिच्या वतीनं बोलणाऱ्या माणसाचा) लेखी अर्ज लागतो, आणि दोघांनी तिला वेगवेगळं तपासायला लागतं, त्यातला एक मानसोपचारतज्ज्ञच पाहिजे, तेही अ‍ॅडमिशनच्या दिवशी नाहीतर आधीच्या सात दिवसांत. स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करायचा धोका, नाहीतर स्वतःकडं बघायचीसुद्धा शुद्ध नाही, असं काहीतरी त्यांना दिसलेलं पाहिजे. नवरा म्हणतो "ही भांडते, ऐकत नाही", हे त्यात बसत नाही! नवरा प्रतिनिधी होऊ शकतो, पण बहिणीनं आधी दुसऱ्या कुणाचं नाव लेखी दिलं असेल तर त्याची सही चालत नाही.

पेशंट बाई असली की तीन दिवसांत मानसिक आरोग्य पुनरावलोकन मंडळाला (अशी अ‍ॅडमिशनं तपासणारं याच कायद्याखालचं मंडळ) कळवावं लागतं (पुरुषाला सात). माझ्या मते खरी गोम इथंच सापडते, कारण तपासणीचा कागद मागची तारीख टाकून करता येतो, पण मंडळाकडची आवक तारीख कोण बदलणार? डॉक्टर म्हणेल इमर्जन्सी होती, तर ती सवलत 72 तासांचीच, बारा दिवस त्यात बसत नाहीत.

म्हणून आधी बहिणीच्या सहीनं केसपेपर मागा, कलम 25 नं तो तिचा हक्क आहे. पायऱ्या मोडल्या असतील तर पहिल्या वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. भरपाईसाठी ग्राहक आयोग. फुकट वकील पाहिजे तर कसबा बावड्याच्या न्यायसंकुलात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडं जा. मंडळाकडं तक्रार केली आणि त्याचा निकाल पटला नाही तर 30 दिवसांत हायकोर्टात अपील, आणि ऑगस्ट 2025 पासून त्याचं सर्किट बेंच (शाखा) इथंच आहे, मुंबईच्या खेपा वाचल्या. नवरा-दिराची तक्रार मात्र वेगळी करा, वाटणीचं भांडण डॉक्टरच्या केसमध्ये घुसडलं की समोरचा वकील तेवढंच धरून बसतो.