पट्टीवर दुसरी रेघ उमटली, आता आधी काय?

प्रश्न : माझे वय 31 वर्षे आहे. पाळी आठ-नऊ दिवस लांबली म्हणून परवा घरी चाचणी केली, तर पट्टीवर दुसरी रेघ उमटली. पण ती फार फिकट आहे. शेवटची पाळी सुरू झाली त्याला आज 37 दिवस झाले. गेली चार वर्षे मी थायरॉईडची लेव्होथायरॉक्सिन ही गोळी घेते, पण बाळाला अपाय होईल या भीतीने ती कालपासून बंद केली आहे. पाळी येणार असे वाटून कंबर दुखत होती, तेव्हा आयबुप्रोफेनच्या दोन गोळ्याही घेतल्या होत्या. डॉक्टरांची वेळ दहा दिवसांनंतरची मिळाली आहे. तोवर काय करावे? लगेच सोनोग्राफी करून घ्यावी का?

उत्तर : सोनोग्राफीचे नंतर पाहू. आधी थायरॉईडची गोळी आजपासून पुन्हा सुरू करा. तुमची भीती मी समजू शकते, पण इथे ती उलट्या दिशेने गेली आहे. गर्भाची स्वतःची थायरॉईड ग्रंथी पहिले तीन महिने जवळजवळ काहीच काम करत नाही. त्या काळात त्याच्या मेंदूच्या वाढीला लागणारे संप्रेरक आईकडूनच मिळते, आणि म्हणून दिवस राहिल्यावर या गोळीची गरज कमी न होता बहुधा वाढते. एका दिवसाच्या खंडाने काही बिघडत नाही. मात्र जे डॉक्टर तुम्हाला ही गोळी देतात त्यांना दहा दिवस न थांबता फोन करा, याच आठवड्यात टीएसएचची (थायरॉईडचे काम कसे चालले आहे ते दाखवणारी रक्ताची) तपासणी करून घ्या आणि मात्रा वाढवायची का ते त्यांना ठरवू द्या. अपस्मार, मधुमेह, रक्तदाब किंवा मानसिक आजाराची औषधे घेणाऱ्या प्रत्येकीला माझे हेच सांगणे आहे. त्यांतली काही औषधे गर्भारपणात खरोखरच बदलावी लागतात, पण तो बदल त्याच दिवशी डॉक्टरांशी बोलून करायचा असतो. मनाने औषध थांबवायचे नसते.

दुसरी गोष्टही आजचीच, ती म्हणजे फोलिक ॲसिड. गर्भधारणेचे आठवडे शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतात, त्यामुळे तुमचे पाच आठवडे आणि दोन दिवस भरले आहेत; प्रत्यक्ष गर्भ मात्र साधारण तीन आठवड्यांचाच आहे. ज्या नळीपासून पुढे मेंदू आणि मेरुरज्जू तयार होतो, ती या मोजणीच्या सहाव्या आठवड्याच्या अखेरीस मिटते, म्हणजे तुमच्या हातात काही दिवसच आहेत आणि डॉक्टरांची भेट त्यानंतर येते. रोज 400 मायक्रोग्रॅमची गोळी सुरू करा आणि बारा आठवडे पूर्ण होईपर्यंत घ्या. मधुमेह असेल, अपस्माराची औषधे चालू असतील किंवा आधीच्या बाळाला मणक्याचा जन्मजात दोष असेल, तर याहून बरीच मोठी मात्रा लागते. ती डॉक्टरांनी लिहून द्यावी लागते. गोळीचे पाकीट उलटून नीट वाचा. गर्भवतींसाठीच्या अनेक मिश्र गोळ्यांत लोह आणि कॅल्शियमही असते, आणि ते पोटात असताना थायरॉईडची गोळी नीट शोषली जात नाही. म्हणून थायरॉईडची गोळी सकाळी अनशापोटी नुसत्या पाण्याबरोबर घ्या आणि मिश्र गोळी त्यानंतर किमान चार तासांनी. अ जीवनसत्त्वाच्या जास्त मात्रेच्या गोळ्या मात्र टाळा, त्या गर्भाला घातक ठरू शकतात.

आयबुप्रोफेनच्या त्या दोन गोळ्यांचा घोर लावून घेऊ नका. इतक्याने अपाय होण्याची शक्यता फार कमी आहे. डॉक्टरांना ते सांगा आणि यापुढे ते औषध घेऊ नका. ताप आला किंवा दुखले, तर डॉक्टरांना विचारून पॅरासिटामॉल घेता येते. दारू आणि तंबाखू आजपासून पूर्ण बंद; घरात कोणी धूम्रपान करत असेल, तर तेही तुमच्यापासून दूर व्हावे.

फिकट रेघेबद्दल थोडे. ठरलेल्या मिनिटांत उमटलेली रेघ फिकट असली तरी ती बहुधा खरीच असते, कारण गर्भ रुजल्यावर तयार होणारे आणि ही पट्टी ओळखते ते एचसीजी नावाचे संप्रेरक सुरुवातीला थोडेच असते आणि पुढे दर दोन-तीन दिवसांनी जवळपास दुप्पट होते. अर्ध्या तासाने पाहिलेली पुसट खूण मात्र धरू नये. लघवी वाळल्यानेही ती दिसते. खात्रीसाठी दोन दिवसांनी, सकाळच्या पहिल्या लघवीवर, नव्या पट्टीने पुन्हा पाहा.

आता सोनोग्राफी. ती घातक नाही. तिच्यात क्ष-किरण नसतात. पण पाचव्या आठवड्यात बहुधा गर्भाभोवतीची नुसती पिशवीच दिसते, ठोके दिसायला सहा-सात आठवडे व्हावे लागतात, आणि घाई केलेल्या कित्येक जणी ‘ठोके नाहीत’ एवढेच ऐकून विनाकारण रडत घरी जातात. तुमची दहा दिवसांनंतरची वेळ त्या दृष्टीने योग्यच आहे. जाताना शेवटच्या पाळीची तारीख, चालू औषधांची यादी आणि जुने थायरॉईडचे अहवाल बरोबर न्या. त्या भेटीत वजन, रक्तदाब आणि लघवी तपासतील. रक्तातून हिमोग्लोबिन, आरएचसह (पॉझिटिव्ह की निगेटिव्ह) रक्तगट, साखर, एचआयव्ही, हेपाटायटिस बी आणि सिफिलिस पाहतील.

आधी कधी गर्भाशयाऐवजी बीजवाहक नळीत गर्भ राहिला असेल, तर दहा दिवस थांबू नका, आजच डॉक्टरांना कळवा. तसे नसले तरी ओटीपोटात एका बाजूला वाढत जाणारी कळ, रक्तस्राव, खांद्याच्या टोकाशी दुखणे किंवा चक्कर येऊन पडणे, यांतले काहीही झाले तर दिवस-रात्र न पाहता रुग्णालय गाठा. गर्भ नळीत रुजला असल्याची ती खूण असू शकते. दिवसभर पाण्याचा घोटही पोटात टिकत नसेल, तरीही थांबू नका.

प्रश्न : तीन महिने कोणालाच सांगू नये, असे घरात म्हणतात. मी प्रयोगशाळेत रसायने हाताळते. काय करावे?

उत्तर : बहुतेक गर्भपात पहिल्या बारा आठवड्यांत होतात, म्हणून अनेक जणी थांबतात, तो तुमचा खासगी निर्णय आहे. त्या गर्भपातांचे कारण बहुतेक वेळा गर्भाच्या गुणसूत्रांतला दोष असते, जिना चढणे किंवा कोणाला बातमी सांगणे नव्हे. तुमच्या कामाचे स्वरूप पाहता वरिष्ठांना मात्र याच आठवड्यात सांगा आणि कोणती द्रावणे हाताळू नयेत याची यादी त्यांच्याकडून लेखी घ्या, कारण अवयव घडण्याचा काळ नेमका हाच आहे.