धावण्याची वही: वाचकांचे प्रश्न

प्रश्न: दर रविवारी सकाळी संभाजी तलावाकडे धावायला सुरुवात केली आहे. त्याची स्क्रॅपबुक करतेय, पण पानं सुरकुततात आणि वही फुगते. काय चुकतंय?
– एक वाचक, सोलापूर

उत्तर: सुरकुत्या पांढऱ्या पातळ डिंकामुळे पडतात. त्यातलं पाणी कागद शोषतो, फुगतो आणि वाळताना वेडावाकडा आकसतो. ग्लू स्टिक किंवा दुहेरी चिकटपट्टी वापरा. साधी सेलोटेप नकोच. ती पिवळी पडते आणि सोलापूरच्या उन्हाळ्यात तिचा गोंद पाघळून कडेने बाहेर येतो. कागद किमान १६० जीएसएमचा (म्हणजे चौरस मीटरला १६० ग्रॅम वजनाचा, जाडसर) घ्या.

वही फुगते कारण चिकटवलेल्या वस्तूंची जाडी शिवणीपाशी नसते. दर दोन पानांनंतर एक पान शिवणीपासून दोन सेंटीमीटर सोडून कापा. उरलेली पट्टी ती जाडी भरून काढते. स्प्रिंगची वही असेल तर हा उपद्व्याप लागत नाही.

बुटांचं बिल थेट चिकटवू नका. बिलाच्या थर्मल (उष्णतेने छापल्या जाणाऱ्या) कागदावरची अक्षरं उष्णतेने आणि उजेडाने उडतात, म्हणून त्याची झेरॉक्स लावा. कडुनिंबाचं पान वर्तमानपत्रात दाबून दोन आठवडे सुकवा; ओलं लावलंत तर बुरशी धरेल.

आणि नोंद त्याच दिवशी करा: वेळ, अंतर, तापमान, किती चाललात, किती धावलात. मे महिन्यात वेग मंदावलेला दिसेल. शेजारी तापमान लिहिलेलं असलं की त्याचं कारण तिथंच सापडतं. चुकलेल्या रविवारचं पानही ठेवा, कोरं नको, कारण लिहून.